दुबईची चार तासांची सिटी टूर: ठिकाणं मोजू नका, गाडीबाहेरचा वेळ मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन रात्री दुबईत, हॉटेल बर दुबईत, तुम्ही दोघं, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. आईंचे गुडघे दुखतात. एजंटनं चार तासांची 'दुबई सिटी टूर' सुचवली आहे आणि तिच्यात चौदा ठिकाणं आहेत. ती घ्यावी, की मेट्रोनं आपलं आपण फिरावं?

मी याच शहरात कुटुंबांसाठी अर्ध्या दिवसाच्या सहली आखते. टूर जरूर घ्या, पण चौदा ठिकाणांची ही पत्रिका जशीच्या तशी घेऊ नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चार तासांत चौदा वेळा गाडीत चढता-उतरता येणार नाही. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे, की या चार तासांत काय बघायचं आणि उरलेल्या दोन दिवसांत स्वतः जाऊन काय बघायचं. हे एकदा ठरलं की टूर आणि मेट्रो दोन्ही आपापल्या जागी उपयोगी पडतात.

आधी वेळेचा हिशेब करू. चार तास म्हणजे २४० मिनिटं. शेअरिंगची व्हॅन किंवा बस असेल तर वेगवेगळ्या हॉटेलांतून माणसं गोळा करण्यात अर्धा ते एक तास जातो, आणि बहुतेक वेळा तो या २४० मिनिटांतच धरलेला असतो. दुबई हे गोल शहर नाही. ते समुद्रकिनाऱ्याला समांतर लांबत गेलेलं आहे. एका टोकाला खाडीकाठचं जुनं देरा आणि बर दुबई, दुसऱ्या बाजूला पाम जुमेरा, म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट. देऱ्यापासून पामच्या टोकावरचं अटलांटिस हॉटेल साधारण ३५ किलोमीटरवर आहे. जाऊन येऊन सत्तर. रस्ते उत्तम असले तरी सिग्नल, वळसे आणि पार्किंग धरून यात दीड-दोन तास सहज जातात. उरलेला दीड तास चौदा ठिकाणांना वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात मिनिटं येतात, आणि त्यातलीही दोन-तीन आईंच्या चढण्या-उतरण्यात जातील.

म्हणून पत्रिका वाचताना प्रत्येक नावापुढे काय लिहिलं आहे ते बघा. 'ड्राइव्ह पास्ट' म्हणजे खिडकीतून बघायचं, गाडी थांबणार नाही. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं बाहेरून. 'व्हिजिट' असेल तरच आत जाणं, आणि तिथेही तिकीट धरलं आहे की वेगळं, हे विचारावं लागतं. काहीच लिहिलं नसेल तर ते ड्राइव्ह पास्ट समजा. बुर्ज खलिफा, बुर्ज अल अरब, दुबई फ्रेम, म्युझियम ऑफ द फ्युचर ही नावं अशा यादीत जवळजवळ नेहमी बाहेरून बघण्यापुरतीच असतात. यात फसवणूक असतेच असं नाही, पण घरातल्यांना आधी सांगितलं नाही तर हिरमोड होतो, विशेषतः मुलांचा.

पत्रिका जुनी आहे का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. अल फहिदी किल्ल्यातलं 'दुबई म्युझियम' तिच्यात प्रवेशासह दिलं असेल तर एजंटला लगेच विचारा. १७८७ च्या सुमाराचा हा किल्ला शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू मानला जातो, आणि १९७१ पासून तिथे संग्रहालय होतं. गेली काही वर्षं ते नूतनीकरणासाठी बंद आहे, तरी कित्येक पत्रिकांत नाव तसंच राहिलं आहे. खाडीकाठचा इतिहास आतून बघायचाच असेल तर जवळच अल शिंदगा म्युझियम आहे. पण त्याला दोन तास हवेत, टूरमध्ये ते कोंबू नका.

आता माझं ठाम मत सांगते. गाइडचा खरा उपयोग खाडीच्या दोन्ही काठांवर आहे. उंच इमारती कोणीही न सांगता दिसतात. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि २०१० साली खुला झाला, हे कुठल्याही पाटीवर वाचता येतं. किल्ल्याजवळच्या अल फहिदी या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांचं तसं नाही. घरांवरचे चौकोनी मनोरे कशासाठी, हे सांगणारं कोणी नसेल तर त्या नुसत्या मातकट भिंती वाटतात. हे वाऱ्याचे मनोरे, बारजील. चारही बाजूंनी येणारा वारा पकडून खाली खोलीत सोडायचा, ही वीज येण्याआधीची सोय. समोरच्या दक्षिण इराणातल्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही वस्ती वसवली, म्हणून तिचं जुनं नाव बस्तकिया.

आणि आपल्यासाठी तिथे आणखी एक धागा आहे. तेल निघण्याआधी या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर होतं आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. जपानी कल्चर्ड, म्हणजे मुद्दाम पिकवलेले मोती आले आणि १९३० च्या दशकात हा धंदा कोसळला. १९६६ पर्यंत इथे व्यवहार रुपयात चालत, शेवटची काही वर्षं खास आखातासाठी रिझर्व्ह बँकेनं काढलेल्या 'गल्फ रुपी'त. १९६० च्या आसपास कुवेतकडून कर्ज घेऊन खाडीतला गाळ काढला, मोठी जहाजं आत येऊ लागली आणि शहराचा व्यापार तिथून वाढला. तेल सापडलं त्यानंतर, १९६६ मध्ये. हा क्रम ध्यानात घेऊन पुढचे टॉवर बघितले तर शहर समजतं. बाबांच्या वयाच्या माणसांना हा भाग हमखास आवडतो, म्हणून गाइड हिंदी बोलणारा मागा. 'ड्रायव्हर-कम-गाइड' की वेगळा परवानाधारक गाइड, हे आधीच स्पष्ट करून घ्या. दुबईत गाइडला पर्यटन खात्याचा परवाना लागतो. नुसता ड्रायव्हर असेल तर तो गाडी सोडून तुमच्याबरोबर गल्लीत येणार नाही, आणि खरी गरज गल्लीतच असते.

तुम्ही पाच जण आहात, म्हणून शेअरिंगपेक्षा सात सीटची खाजगी गाडी बघा. पाच माणसांचे शेअरिंगचे पैसे जोडून बघा, खाजगी गाडीतला फरक बऱ्याचदा वाटतो तेवढा नसतो. गाडी ठरवताना पायरीची उंची विचारा. मोठ्या बसची पहिली पायरी उंच असते आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर वाकून जावं लागतं. आईंना मधल्या रांगेत दाराजवळची जागा द्या. मुलीला पुढे बसवू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना पुढच्या सीटवर बसवायला तिथे कायद्यानं मनाई आहे आणि दंड होतो.

क्रम कसा लावायचा, हे हंगामावर आणि हॉटेलवर अवलंबून आहे. डिसेंबर आणि बर दुबई धरून मी असा लावेन. सकाळी साडेआठला निघा आणि आधी लांबचं टोक उरका. सव्वानऊच्या सुमाराला उम्म सुकैमचा सार्वजनिक किनारा, म्हणजे शिडाच्या आकाराच्या बुर्ज अल अरब हॉटेलचा फोटो. सकाळी का, तर इमारतीचं पांढरं शीड किनाऱ्याच्या बाजूला आहे आणि सकाळचं ऊन त्याच्यावर पडतं. दुपारनंतर सूर्य तिच्यामागे समुद्राकडे जातो आणि फोटोत इमारत काळी पडते. इथे वीस मिनिटं पुरतात. हॉटेलात आगाऊ बुकिंगशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे फाटकावर वेळ घालवू नका.

पुढे पाम जुमेरा. इथे सगळ्यात जास्त लोकांची निराशा होते, म्हणून आधीच सांगते: जमिनीवरून खजुराच्या झाडाचा आकार दिसत नाही. दिसतो तो दोन्ही बाजूंना इमारती असलेला रस्ता, मग समुद्राखालचा बोगदा आणि शेवटी अटलांटिस. आकार बघायचा असेल तर पाम टॉवरच्या ५२ व्या मजल्यावरच्या 'द व्ह्यू ॲट द पाम'चं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि त्याला तासभर लागतो. तुमच्या चार तासांत ते बसत नाही. मुलीला तोच आकार बघायचा असेल तर पुढचं खाडीचं काहीतरी सोडावं लागेल. मी सोडणार नाही. पामला एक फेरी मारून, अटलांटिससमोर दहा मिनिटं उतरून परत फिरा.

येताना शेख झायेद रोडऐवजी किनाऱ्यालगतच्या जुमेरा रोडनं यायला सांगा. वाटेत जुमेरा मशीद लागते. टूरमध्ये ती बाहेरूनच असते. आत जायचं तर शुक्रवार सोडून ठरलेल्या वेळी माहितीसह भेटीचा कार्यक्रम असतो आणि तो तासाहून अधिक चालतो. फोटोंत दिसणारी पांढरी, मोठ्या घुमटांची शेख झायेद मशीद ही नव्हे. ती अबुधाबीत आहे, दीड तासाच्या अंतरावर. या दोन मशिदींत लोकांचा नेहमी घोळ होतो.

पावणेअकरा-अकराला अल फहिदी. इथे पाऊण तास द्या. गल्ल्या सपाट आहेत, वाहनं नाहीत, पण काही ठिकाणी ओबडधोबड दगडी फरशी आहे, म्हणून आईंना चपलेऐवजी बूट घालू द्या. मध्ये बसायला कॅफे आहेत, स्वच्छतागृहही तिथेच उरकून घ्या. पुढे तासभर सोय मिळेलच असं नाही.

मग अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. भाडं माणशी एक दिरहम, सुटे रोख लागतात. गाडी, गाइड आणि हॉटेलाच्या या शहरात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आनंदाची गोष्ट हीच आहे. होडीत मधोमध लांब बाक असतो आणि पाण्याकडे तोंड करून दोन्ही बाजूंना बसायचं असतं. कठडा नसतो, मुलीला हाताशी धरून ठेवा. अल फहिदीपासून धक्का कापडबाजारातून दहा-पंधरा मिनिटं चालत आहे. धक्क्यावरून होडीत उतरताना एक हलती पायरी असते, आणि गुडघ्यांना खरा त्रास तिथेच होतो. आईंना ते झेपणार नाही असं वाटलं तर त्यांना गाडीतून शिंदग्याच्या बाजूनं पलीकडे पाठवा, बाकीचे होडीनं जा. कोणत्याही परिस्थितीत ड्रायव्हरला हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण होडीला पाचेक मिनिटं लागतात आणि गाडीला वळसा घालून वीस. हे ठरवलं नसेल तर देऱ्याच्या काठावर उन्हात गाडीची वाट बघत उभं राहावं लागतं.

पलीकडे उतरलं की रस्ता ओलांडून मसाल्यांचा बाजार आणि तिथून पाच-सात मिनिटांवर सोन्याचा बाजार. दुकानं साधारण दहापासून उघडतात, काही दुपारी बंद होतात. म्हणून बाराच्या आसपास पोचणं सोयीचं. शुक्रवार मात्र टाळा, कारण दुपारच्या नमाजाच्या वेळी बाजार सामसूम असतो. मसाल्यात केशर घेताना सांगितलेला भाव ग्रॅमचा, दहा ग्रॅमचा की किलोचा, हे मालाचं वजन होण्याआधी स्पष्ट विचारा आणि मग घासाघीस करा. इथली बहुतेक भांडणं एवढ्यावरूनच होतात. सोन्याचा दर रोज जाहीर होतो आणि सगळीकडे तोच असतो. कमी करून घ्यायची ती घडणावळ. पण त्याआधी कस्टमचा नियम लक्षात घ्या: दागिन्यांवरची ड्यूटीतली सूट वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्या भारतीयांना आहे, तीन रात्रींसाठी आलेल्या पर्यटकाला नाही. 'दुबईत सोनं स्वस्त' हे गणित तुमच्यासाठी तिथेच बदलतं.

साडेबाराच्या सुमाराला टूर इथेच संपवा, गाडी सोडून द्या. हॉटेल जवळ आहे, जेवणाच्या सोयी भरपूर आहेत आणि आईंना दुपारी आडवं होता येईल. हा क्रम तुमच्या तारखांपुरता आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणी जात असेल तर मी अल फहिदी सकाळी आठला उरकायला सांगेन, बाजार सूर्यास्तानंतर आणि मधला सगळा वेळ सावलीत. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांनाही १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची सुट्टी असते, यावरून उन्हाचा अंदाज येईल.

आता टूरबाहेर ठेवायच्या गोष्टी. बुर्ज खलिफा आणि दुबई मॉल एका वेगळ्या संध्याकाळी करा. १२४-१२५ व्या मजल्याचं तिकीट वेळेसह आधी ऑनलाइन काढा. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं, तासभर आधीचं किंवा रात्रीचं स्वस्त. प्रवेश मॉलच्या तळमजल्याखालून आहे. रांग, लिफ्ट, वरचा वेळ आणि खाली येणं धरून दीड-दोन तास ठेवा. मॉलसमोरचं कारंजं संध्याकाळी सहानंतर साधारण दर अर्ध्या तासानं असतं, ते फुकट आहे. सकाळच्या टूरच्या पत्रिकेत 'दुबई फाउंटन' दिसलं तर तिथे नुसतं तळं बघायला मिळेल.

मॉलला मेट्रोनं जाता येतं. बर दुबईतल्या बरजुमान स्टेशनहून रेड लाइननं बुर्ज खलिफा-दुबई मॉल स्टेशन. पण स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंद पूल आठशे मीटरच्या वर आहे. सरकते पट्टे आहेत, तरी आईंसाठी ते जास्त होईल. साध्या टॅक्सीत चारच प्रवासी घेतात, नऊ वर्षांची मुलगीही मोजली जाते, म्हणून दोन टॅक्सी करा: आई-बाबा आणि तुमच्यापैकी एक जण एकीत. मेट्रो मुलीला एकदा जरूर दाखवा, गाडीला ड्रायव्हर नसतो आणि पहिल्या डब्यातून समोरचा रूळ दिसतो. समोरची काच मात्र गोल्ड क्लासच्या, म्हणजे महागड्या डब्यात असू शकते, त्याचं कार्ड वेगळं. साध्या डब्यासाठी सिल्व्हर नोल कार्ड २५ दिरहमचं, त्यात १९ दिरहम प्रवासाला मिळतात. पाच वर्षांवरच्या प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं. डब्यात खाणं-पिणं, च्युइंगम चघळणंसुद्धा, दंडाला पात्र आहे, तेव्हा मुलीच्या हातातलं बिस्किट आधी पिशवीत ठेवा.

एजंटला आता फक्त एवढं विचारा: पिकअपचा वेळ चार तासांत धरला आहे का, गाइड गाडीतून उतरून बरोबर येतो का, दुकानात थांबे किती आणि कुठल्या दुकानांत, आणि क्रम बदलता येतो का. दुकानांचा प्रश्न सोडू नका. टूर फारच स्वस्त असेल तर गालिचे, चामडं किंवा दागिन्यांच्या शोरूममध्ये अर्धा-पाऊण तास थांबवतात, आणि ती मिनिटं खाडीच्या वाट्याची जातात. तुमचा मुक्काम ऐनवेळी शारजात नातेवाइकांकडे हलला तर तेही आधी सांगा. तिथून पिकअपचे पैसे वेगळे पडतात आणि सकाळची शारजा-दुबई वाहतूक एक तास खाते.

सामानाबद्दल दोन गोष्टी, कारण दोन्हींत अडचण मोठी होते. आई-बाबांच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधं मूळ पाकिटात. कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल असलेलं वेदनाशामक तिथे नियंत्रित आहे. गुडघ्यांच्या गोळ्यांत ते आहे का, हे डॉक्टरांना विचारा आणि असेल तर तिथली सरकारी ऑनलाइन परवानगी आधी काढा. आणि खसखस नेऊ नका. यूएईत ती बंदी असलेल्या पदार्थांत येते. नातेवाइकांसाठी दिवाळीचे उरलेले अनारसे डब्यात भरायचा बेत असेल तर तो सोडा, दुसरं काहीतरी न्या.

टूर पहिल्या सकाळी ठेवा, शेवटच्या नको. पहिल्या दिवशी फेरी झाली की आईंना किती चालवतं ते कळतं, घड्याळ दीड तास मागे गेल्यामुळे सगळे आपसूक लवकर उठलेले असतात, आणि पुन्हा निवांत कुठे जायचं हे मुलगीच सांगते.